बेबाबाईचा अंगठा

धुळ्याच्या कडेला, खदानीजवळची वस्ती. १९९१ साली शहरातल्या गरिबांना काम मिळावं म्हणून तिथं समिती झाली. एक साहेब, एक नगरसेवक, एका संस्थेचे अध्यक्ष आणि वस्तीची प्रतिनिधी म्हणून बेबाबाई. लोकसहभाग म्हणे! बेबाबाईचा सहभाग एवढाच, की टेबलाच्या टोकाशी बसायचं, चहा प्यायचा आणि लेखनिक झुलाल वही सरकवेल तिथं अंगठा उठवायचा. जन्मभर डोक्यावर घमेली वाहिलेली बाई, खुर्ची मिळाली याचंच तिला अप्रूप. त्या भोळेपणाचा या लबाडांनी पुरता फायदा घेतला.

वस्तीत गटार बांधायचं निघालं. काम वस्तीतल्याच हातांना द्यायचं, असं तिच्यासमोर बोलणं झालं होतं आणि तिनं ते घरोघर सांगितलंही होतं. सोमवारी सकाळी बाया घमेली घेऊन हजर झाल्या, तर ठेकेदाराच्या ट्रकमधून बाहेरगावचे मजूर उतरत होते.

"तुमच्याच समितीनं लिहून दिलंय," मुकादम म्हणाला, "वस्तीत मजूर मिळत नाहीत. खाली बेबाबाईचा अंगठा आहे."

शेजारची तानुबाई गर्रकन वळली. "बेबाक्का, आमना पोटवर पाय दिधा तू?"

बेबाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्यासोबत जन्म काढला, त्यांच्यासमोर खोटं ठरवलं होतं तिला या लेकाच्यांनी! ती तडक समितीच्या कचेरीत शिरली. मागोमाग सगळ्या बाया.

"झुलालभाऊ, वही काढ. वाची दाखाड."

झुलालनं चाचरत वाचलं, "वस्तीत मजूर उपलब्ध नाहीत. सर्वानुमते मंजूर."

"सर्वानुमते म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांचं एकमत. तुमचंही."

"मजूर नहीत, हाई कोठे लिखेल शे? बोट ठेव."

त्यानं 'नाहीत' या शब्दावर बोट ठेवलं. बेबाबाईनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, त्याचं बोट बाजूला सारलं आणि त्या शब्दावर अंगठा घासून घासून फिरवला. शब्द शाईखाली गेला.

"पान खराब केलंत तुम्ही!" साहेब ओरडले.

"पान? तुम्हीन मना आंगठा खराब कया! ह्या बाया दिसतस का तुमले? मोजा, आनि आते लिखा."

दारात सदतीस बाया उभ्या होत्या, एकही हलेना. झुलालनं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीबाहेर. मग त्यानं एकेकीचं नाव विचारून लिहिलं. ट्रक मजुरांसकट परत गेला आणि गटार त्या सदतीस जणींनीच बांधलं.

पुढच्या सभेचं बोलावणं बेबाबाईला आलं नाही. तरी ती गेली, आपल्या खुर्चीवर बसली. झुलालनं चहा पुढे केला.

"पयले वाच," ती म्हणाली.