उजव्या तुकड्यावरची काजळी

नव्या पिढीचे सोलर सेल प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली फार शहाण्यासारखे वागतात. त्यांची खरी परीक्षा उघड्या गच्चीवर, ऊन आणि धूळ खात होते. म्हणून बारामतीच्या आमच्या प्रयोगशाळेतून दोन सारखे तुकडे मी इंदापूर तालुक्यातल्या माझ्या गावी नेले आणि वडिलांच्या गच्चीवर पाइपच्या स्टँडवर बसवले. गाव साखर कारखान्याला लागून आहे. गाळप सुरू झालं की दोरीवरच्या कपड्यांवरही काजळी उतरते. त्या काजळीनं वीज किती घटते, तेच मला मोजायचं होतं.

आबांना काम सोपं दिलं होतं. डावा तुकडा रोज सकाळी पुसायचा, उजव्याला हात लावायचा नाही. दर रविवारी मी स्कूटरवरून जाऊन तिथल्या वीज मोजणाऱ्या यंत्रातल्या नोंदी उतरवून घ्यायची. आई गेल्यापासून आबा एकटेच. मी गच्चीवरून खाली येईपर्यंत त्यांचं पिठलं तयार असायचं.

गाळप रंगात आलं तरी दोन्ही तुकड्यांचे आकडे सारखेच. प्रयोगशाळेत सगळे खूश, काजळीचा काही त्रासच नाही म्हणून. मला ते पटेना. एका रविवारी न कळवता भल्या सकाळी गेले, तर आबा बनियनच्या फडक्यानं उजवा तुकडा पुसत होते.

मी वाट्टेल ते बोलले. सबंध हंगाम पाण्यात गेला होता, आणि माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. त्या कारखान्याच्या बॉयलरवर जन्म काढलेला माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी आबा एवढंच म्हणाले, "लोकं म्हणतील, कारखान्यानं ह्याच्या लेकीचं यंत्र खराब केलं. आमच्या कारखान्याला नाव नगं ठेवू, बाई."

मला त्यात तेव्हा निव्वळ अडाणीपणा दिसला. पुढच्याच आठवड्यात तुकडे पलीकडच्या गावात, एका सहकाऱ्याच्या घरावर हलवले. नोंदी तोच आणू लागला. आबांनी एकदा फोनवर विचारलं, आमच्या स्लॅबवर आता ठेवणार न्हाय का? मी बघू म्हणाले. रविवार मोकळा झाला, तसा मी तो झोपून घालवायला लागले. गावी जायची ती सणासुदीला, तीही घाईत. इतके दिवस आपण वडिलांना भेटायला जात होतो की नोंदी आणायला, हे स्वतःला कधी विचारलंच नाही. आता विचारते, आणि उत्तराची लाज वाटते.

यंदा आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मी तुकडे परत त्यांच्या गच्चीवर आणले. पण जिना त्यांना चढवत नाही. रविवारी मी वर जाते, तेव्हा ते अंगणात खुर्चीवर मान वर करून बसतात. परवा खालूनच त्यांनी विचारलं, "लई बसलीय का गं काजळी?"

उजव्या तुकड्यावर बोटानं नाव लिहिता आलं असतं, इतकी होती.

"न्हाय आबा," मी म्हणाले. "जरासुदिक न्हाय."

त्यांचा चेहरा खुलला. डावा तुकडा पुसायला हल्ली शेजारच्या काकू येतात. उजव्याला त्या चुकूनही हात लावत नाहीत. आकडे आता अगदी बरोबर येतात, आणि मला ते बघवत नाहीत.