कापडी नोटेवरचा लाल टिळा

आमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत विधवेने लाल रंगाच्या कुंडीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. लाल म्हणजे नवरीचा शालू, लाल म्हणजे कुंकू. विधवेच्या वाट्याला निळीचा रांजण. माझी आत्या ऐन पोरवयात कपाळ पुसून म्हैसुराला आमच्या घरी परत आली, आणि तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले ते कायमचेच.

त्या सुमारास कागदी रुपया निघाला. त्यावर इंग्रजांच्या राजाचा चेहरा. आधी लोक त्याला हात लावेनात, मग तोच कनवटीला जपून ठेवू लागले. ते पाहून आमच्या वडिलांच्या डोक्यात किडा वळवळला. आमच्या जातीतले एक वकील विधवांना शिक्षिका करायचा वर्ग चालवत. त्यांचा सत्कार ठरला होता. वडील म्हणाले, "राजाची नोट असते, मग आमच्या वकीलसाहेबांची का नको?" खळ दिलेल्या कापडाचे नोटेएवढे तुकडे करायचे, त्यावर वकीलसाहेबांचा चेहरा, खाली 'विधवांचे कैवारी', आणि सत्काराला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक नोट ठेवायची. गल्ली खूश झाली.

आत्याला त्याच वर्गात जायचं होतं. माझ्या पाटीवर ती चोरून अक्षरं गिरवायची. एकदा धीर करून तिने वडिलांना विचारलं, "अण्णा, मी जाऊ काय वर्गाला?"

"साकु! बस झालं," वडील अर्धं कानडीत ओरडले. "माझं नाक कापायला निघालीस काय?"

आणि हे म्हणताना त्यांच्या मांडीवर तो कैवाऱ्याचा लाकडी ठसा होता, अर्धा कोरलेला. मला आजही त्या माणसाचा संताप येतो, बाप असला तरी.

चेहऱ्याच्या निळ्या रेघा आत्याने उमटवायच्या, पगडी आणि टिळा लाल, तो रंग आईने. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सत्काराच्या आदल्या दिवशी आई बाजूला बसली. वडील मांडवाच्या कामाला गेलेले. आई कोपऱ्यातूनच म्हणाली, "वन्सं, तुम्हीच उमटवा. कुणाला कळतंय?"

आत्याने सगळ्या नोटा पुऱ्या केल्या. आनंदाने केल्या, मी पाहत होते. किती वर्षांनी तिच्या बोटांना लाल लागला होता.

वडील आले आणि त्यांनी तिचे हात पाहिले. तिला दंडाला धरून धुण्याच्या दगडाशी नेलं, हातांवर चुना थापला आणि काथ्याने घासायला लागले. निळा निघाला नाही, लालही निघाला नाही. मग रक्त आलं, आणि लाल कुठला आणि रक्त कुठलं ते कळेनासं झालं. आई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून बसली. नोटा आता चुलीत जाणार असं मला वाटलं. पण वडिलांनी त्या एकेक उचलून, फुंकर घालून वाळवल्या.

सत्काराला आत्या हातांना फडकी गुंडाळून आली. हार घातले गेले, टाळ्या झाल्या, आणि ती उठून थेट वकीलसाहेबांच्या पायाशी वाकली. "स्वामी, मला वर्गात घ्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या वडिलांकडे. "नोडम्मा, हे बघ बाई," ते गोड हसले, "भावाला विचारून ये. घर मोडून सुधारणा होत नसते." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग हातातली नोट उजेडाला धरून ते म्हणाले, "लाल काय सुरेख उतरलाय हो! कुणाचा हात?"

"घरच्या सवाष्णीचा," वडील म्हणाले. त्यांची पापणीही लवली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने ते सोललेले हात निळीच्या रांजणात घातले. निळीच्या पाण्यात चुना असतोच. तिने ओठ आवळून धरले, आणि मी पळून गेले.

वर्गाचं नाव तिने परत काढलं नाही. ती नोट मात्र गल्लीतल्या घराघरांत देवांशेजारी बसली. सणावारी सवाष्णी तिला हळदकुंकू वाहायच्या. आमच्या देवघरातल्या नोटेवरची धूळ पुसायचीही आत्याला शेवटपर्यंत मनाई होती, कारण त्या नोटेवर लाल टिळा होता.