पहिली खुर्ची, बारावी खुर्ची

सरकारी कचेरीत मी पस्तीस वर्षं टाइपरायटर बडवला, पण सांगण्यासारखा एक किस्सा पदरी पडला नाही. रिटायर झाल्यावर वेळ जाईना, म्हणून तंजावरच्या वेशीवरच्या एका चर्चच्या ऑफिसात टायपिंग करायला लागलो, आणि चार वर्षांत इतके किस्से साठले की घरी सांगून पोट हलकं करावं लागतं. बायको म्हणते, "आपली एकादशी कधी ते कॅलेंडरात बघता, त्यांचा उपासाचा शुक्रवार मात्र तोंडपाठ!"

तिथले फादर आरोक्यम म्हणजे नुसतं प्रेम. शाळा चालवणाऱ्या सिस्टर रेजिना म्हणजे नुसतं शहाणपण. दोन्ही त्यांच्या धर्मातले सद्गुणच. पण दोन्ही एका ऑफिसात बसले की टायपिस्टचे हाल!

फादर म्हणायचे, "प्रेम असलं की शहाणपण मागून येतं."

सिस्टर म्हणायच्या, "येतं ना फादर. पण तोवर प्रेमाने दार मोडलेलं असतं!"

*

वादाला विषय एकच, अन्नम्माचे दोन मुलगे. थोरला सुसै, धाकटा अंतोणी. नारळीच्या बागेची वाटणी झाल्यापासून अकरा वर्षं अबोला. घरं लागून, भिंत एक. म्हातारी पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. दर सोमवारी ऑफिसात येऊन एकच सांगायची, "फादर, एका ईस्टरला दोघांच्या मध्ये बसून जेवू दे. मग मी सुटले."

फादरांनी दोघांना एकाच वेळी कापीला, म्हणजे कॉफीला, बोलावलं. दोघं आले. माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना बसले.

सुसै म्हणाला, "फादर, साखर इकडे द्यायला सांगा."

साखर अंतोणीच्या हाताशी होती. तो म्हणाला, "फादर, साखर संपली म्हणून सांगा."

बरणी भरलेली होती!

*

मग फादरांनी रविवारी भाऊबंदकीवर प्रवचन दिलं. क्षमा, प्रेम, सगळं आलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या.

मास, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर सुसैने फादरांचे हात धरले. "फार छान, फादर! त्याला कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

पाच मिनिटांनी अंतोणी आला. तोही हेच म्हणाला!

*

"आता माझ्यावर सोडा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सुसैला गाठून सांगितलं, "अंतोणी तुझ्या तब्येतीची चौकशी करत होता." अंतोणीलाही तेच. दोघांची मनं हलतील, असा हिशोब.

दुसऱ्या दिवशी दोघंही ब्लड टेस्टच्या रांगेत! भाऊ आपणहून चौकशी करतो म्हणजे आपलं काही खरं नाही, असं दोघांनाही वाटलं होतं.

फादर हसले नाहीत. फक्त मला म्हणाले, "राव सार, सिस्टरांना एक कापी द्या."

*

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले, तसे. फक्त उजवा पाय. बारा जणांची यादी मी टाइप करतो. त्या वर्षी फादर म्हणाले, दोघंही भाऊ हवेत. सिस्टर म्हणाल्या, मग एक पहिला आणि एक बारावा. मध्ये दहा माणसं. मी तशी यादी केली. कागदावर चोख दिसत होती.

संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन बघतो तर खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडलेल्या! पहिली आणि बारावी अगदी समोरासमोर. सुसै आणि अंतोणी, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

सिस्टर कुजबुजल्या, "राव सार, तुमच्या कागदावरच रांग सरळ आहे!"

उठवणार कसं? गाणं सुरू झालं होतं. दोघं छताकडे बघत बसले. पुढच्या बाकावर अन्नम्मा जपमाळ घट्ट धरून. आता एक जण उठून गेला, की ईस्टर गेला.

फादर गुडघ्यांवर बसत, उठत, अकरा पाय धूत गेले. बाराव्यापुढे बसले आणि थांबले. "गुडघे धरले," म्हणाले. "सुसै, तू जवळ आहेस. एवढा एक उरलाय, धू."

सिस्टर पुढे झाल्या. "फादर, पुस्तकात असं नाही."

"पुस्तकात माझे गुडघेही नाहीत, सिस्टर!"

सुसै बसून राहिला. मग उठला, तांब्या घेतला आणि खाली बसला.

अंतोणी अकरा वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलला, "अण्णा, तो नाही. उजवा."

"गप रे! लहानपणी तुझे पाय कोण धूत होतं? मला शिकवतोस!"

पुढच्या बाकावरून अन्नम्मा सुटकेचा श्वास टाकून मोठ्याने म्हणाली, "अप्पाडा! रविवारी ईस्टरला एकच चूल पेटवा."

फादरांना दोघा भावांनी दोन बाजूंनी धरून उठवलं. त्यांना उभं राहवेना. खुर्चीत बसवून नेलं.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. क्रूसाच्या वाटेवर चौदा थांबे. प्रत्येक थांब्याला गुडघा टेकायचा. फादर चौदा वेळा खाली बसले आणि कुणाचा हात न धरता चौदा वेळा उठले.

मी मोजलं. शेजारी सिस्टरही बोटांवर मोजत होत्या.