सीबीआर किती आला?

मला शांत बसता येत नाही, घरचे सांगतीलच. त्या आठवड्यात तर चहासुद्धा मी येरझाऱ्या घालत प्यायले. कर्वेनगरातल्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल कायमचं कॉम्प्युटरवर न्यायचं घाटत होतं. अ‍ॅसिड नको, काच फुटायला नको, माउस दाबला की थेंब पडतो. मीटिंगमध्ये मी नको तितकी तणतणले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मुलं हातानं काय वेगळं शिकतात ते एकदा दाखवाच. मग ठरवू."

झालं. सत्रभर स्क्रीनवर टायट्रेशन केलेली मुलं खऱ्या ब्युरेटसमोर, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या उभ्या नळीसमोर, उभी केली. खालच्या चंबूतला रंग फिकट गुलाबी होईपर्यंत थेंब सोडायचे, किती लागलं ते तीनदा मोजायचं. जुळलेला आकडा म्हणजे सीबीआर. आणि तो शेजाऱ्याला विचारूनच आमच्या पिढ्या पास झाल्या आहेत.

स्क्रीनवर उत्तर कायम दहा यायचं. म्हणून त्या सकाळी ब्युरेटमधलं द्रावण मी मुद्दाम पातळ केलं. आता ते जास्त लागून उत्तर तेराच्या आसपास यायला हवं होतं.

प्राचार्य टेबलांमधून फिरले. पाहतील त्या कागदावर दहा, दहा, दहा. "वा, तयार आहेत मुलं."

ब्युरेट डोळ्यांसमोर तेरा दाखवत होती आणि पोरं पेन्सिलीनं दहा लिहीत होती. मी प्राचार्यांना सगळं सांगून टाकलं, लपवून काय करणार?

"म्हणजे खरी ब्युरेट देऊनही तेच. मग लॅब कशाला हवी, मॅडम?"

राग आला, पण नक्की कुणाचा तेच कळेना. तेवढ्यात शेवटच्या टेबलावरची, वाघोलीहून दोन बस बदलून येणारी मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, माझं तेरा आलंय. खोडून दहा लिहू?"

"खबरदार."

प्राचार्यांनी तिची ब्युरेट वाकून पाहिली. "अख्ख्या वर्गात एक?"

"सर, कॉम्प्युटरवर ही एकसुद्धा सापडली नसती."

ते सरळ उभे राहिले. "ठीक आहे. आणखी एक वर्ष ठेवू लॅब."

मी जिंकले होते. वळून वर्गाकडे पाहिलं, तर सगळ्यांनी खोडरबर काढले होते आणि दहा खोडून भराभर तेरा लिहीत होते. ब्युरेटकडे कुणीच बघत नव्हतं.