महिनाभराचं इंजेक्शन

दारूची ओढ कमी करणारं इंजेक्शन सिस्टरनं माझ्या मित्राच्या, दिगूच्या, कमरेत दिलं आणि म्हणाली, "महिनाभर पुरेल." दिगू कापसाचा बोळा दाबून कुशीवर पडून राहिला, वर्गात शिक्षा झाल्यासारखा. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून प्यालेला मी शहाणा बोलून गेलो, "सुटलास लेका! आता पार्टी पाहिजे!" आनंद झाला की माझ्या तोंडात दुसरं काही येतच नाही. दिगू हसला. त्याची बायको हसली नाही. औषध रक्तात महिनाभर राहतं म्हणे. माझ्यासारखा मित्र त्याहून जास्त राहत असावा. वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका, पण हा महिना घरी येऊ नका." मी मान हलवली. पुढच्या महिन्याचं विचारायचा धीर झाला नाही.