व्याह्यांचे सातभाई

माणसापेक्षा पाखरावर जास्त विश्वास ठेवणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझी लेक नेमकी त्याच्याच घरात सून म्हणून गेली. आमचे व्याही कळंबचे. घरची भातशेती, पण नोकरी सारी रसायनीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, हे पिसांच्या नादी लागले. मुंबईच्या एक प्राध्यापकबाई रसायनीजवळ पाताळगंगा नदीकाठच्या पक्ष्यांची गळलेली पिसं तपासून त्यांत शिसं किती, पारा किती हे शोधत होत्या. बाईंनी यांना एकदा नुसती वाट विचारली. हे वाट दाखवायला म्हणून पुढे झाले आणि कायमचे त्या कामाला जुंपले गेले.

तेव्हापासून रस्त्यानं जाताना व्याह्यांची नजर जमिनीवर. एकदा आम्ही एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेलो होतो. कावळा काही पिंडाला शिवेना. सगळे हात जोडून, श्वास रोखून उभे. शेवटी एकदाचा कावळा उतरला, तसे हे ओरडले, "पीस गळलं तर तुडवू नका रं कोणी!" कावळा उडाला तो उडालाच. मयताच्या घरचे अजून आमच्याशी धड बोलत नाहीत. पिसं ठेवायला यांना आहेराची पाकिटं लागत. माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नात बायकोनं यांचं पाकीट उघडलं, तर आतून एक मळकट पीस निघालं. आहेर टपालानं प्राध्यापकबाईंना पोचला होता. मी जरा चेष्टा केली, तर हे गंभीरपणे म्हणाले, "व्याही, पैसं काय, कुठं बी मिळतील. ते रसायनीच्या बगळ्याचं पीस हाय. परत द्या."

पण खरा जीव अंगणातल्या सातभाईंवर. हे मातकट पक्षी दिवसभर टोळीनं जमीन उकरतात आणि कचाकचा भांडतात. व्याही त्यांना पडवीतून तांदळाची कणी टाकत. शेजारी आमची दोघांची मिळून एकुलती एक नात, हात मातीत आणि बोटं तोंडात. पीस दिसलं की ती "आजोबा, घावलं!" म्हणून नाचायची. "सातभाई लांब जात नाय," व्याही मला समजावत, "इथलंच खातो. पीस वाढताना रक्तातलं शिसं त्यात उतरतं, आन् तिथंच ऱ्हातं. रसायनीचं पीस ताडून बघाया एक सोच्छ पीस लागतं ना? ते आमच्या अंगणातलं!" हे सांगताना त्यांची छाती फुगायची.

यंदा बाईंचा निरोप आला, की व्याह्यांच्या अंगणातल्या पिसांत रसायनीहून जास्त शिसं आहे. हे खो खो हसले. बाईंनी पाकिटांची अदलाबदल केली म्हणाले. दुसरी पिसं पाठवली. निकाल तोच. मग बाईंचा फोन आला तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. त्या अंगणातली माती मागत होत्या.

"माती कुठली बाई, भर हाय ती," व्याही सांगू लागले. "पावसात लय चिखल व्हायचा. रिटायर होताना कारखान्यामागची फुकट मिळाली, म्हणून मीच टेंपोनं आणून..."

फोन कानालाच होता. समोर नात उकिडवी बसून त्या भरीतून पिसं शोधत होती.

तिच्या रक्तात शिसं निघालं. त्या अंगणापासून लांब ठेवा, हळूहळू उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. सगळं उतरेल का विचारलं, तर त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. लेक आणि नात आता खोपोलीला माझ्याकडे असतात. मला व्याह्यांचा संताप आला होता. भांडायचं ठरवूनच कळंबला गेलो, पण त्यांचं तोंड बघितलं.

"भर उचलून टाका की," एवढंच म्हणालो.

"कुठं टाकू, व्याही? जिथं टाकीन तिथं कोणाचं तरी अंगण हाय."

बाई सरकारी कचेरीत खेटे घालताहेत, पण ती माती न्यायला कुणी येत नाही. भरीवर ताडपत्री टाकली आहे, पण सातभाई तिच्या कडेनं चोची खुपसतातच. म्हणून व्याही दिवसभर काठी घेऊन पडवीत बसतात. एका पिसासाठी ज्यांनी पाखरांची एवढी मनधरणी केली, ते आता पाखरं हाकलतात.

संध्याकाळी नात त्यांना फोन लावते. कालही तिनं विचारलं, "आजोबा, सातभाई आले का?"

"नाय गं बाय. तू गेल्यापासून एक बी आला नाय."

फोनमधून त्यांचा कलकलाट मला स्वच्छ ऐकू येत होता. नातीलाही आला असावा, कारण ती हसली. मग काठी आपटल्याचा आवाज आला, आणि व्याह्यांचा दबका, रडवेला आवाज: "हट् रं... जावा रं बाबांनो, जावा."