सुकेळ्यांचा क्रम

कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आमच्या सरांना फंक्शनल नावाच्या प्रोग्रामिंग भाषांच्या प्रकाराचं भलतंच वेड. प्रोजेक्ट त्यातच हवा, नाहीतर नापास. आणि नापास झाले तर मुंबईतली मिळालेली नोकरी हातची जाणार होती. आली का पंचाईत!

आगाशीला आमची केळीची वाडी, आणि सुकेळ्यांचा, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, धंदा आत्याचा. मी त्यावरच प्रोग्राम लिहिला, आज कुठली केळी आधी सोलायची ते सांगणारा. त्यात एक प्रकार ठरवला, त्याचे तीन पर्याय: पिकलेलं, अर्धकच्चं, कच्चं. आत्या ज्या क्रमाने सोलायला घेते, त्याच क्रमाने. पिकलेल्याच्या पोटात आणखी एक प्रकार: घट्ट, मऊ, लिबलिबीत. हा क्रम बाबांचा. वाडीत फळ जसं पिकत जातं, तसं ते बोलतात. या भाषेत जे आधी लिहाल ते यादीत आधी येतं. वेगळं काही सांगावं लागत नाही. काय सोय! मी खूश.

तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी छापलेली यादी आत्याला दाखवली. केळं सोलता सोलता तिने कागदावर नजर टाकली आणि भडकलीच.

"अगं बये, लिबलिबीत तिसऱ्या नंबरला? तोवर पाणी सुटेल त्याला! घट्ट केळ्याला कसली घाई?"

मी यादी पुन्हा वाचली. बाहेरचा क्रम आत्याचा, आतला बाबांचा, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना! चाचणीत मी फक्त मऊ पिकलेली केळी घातली होती, म्हणून कळलंच नव्हतं. माझ्याच अकलेचा मला इतका राग आला!

सकाळी विरारच्या कॉलेजात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. आतल्या प्रकाराची एकच ओळ उलटी केली: लिबलिबीत, मऊ, घट्ट. प्रोग्राम चालवला. लिबलिबीत सगळ्यात वर आलं. हुश्श! मला चक्क रडू फुटलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "दोन्ही पिकलेली असतील तर आधी कुठलं?"

मी घडाघडा सांगितलं. त्यांनी मान डोलावली, प्रोजेक्टच्या सर्टिफिकेटवर सही केली आणि विचारलं, "हा आतला क्रम कुणी सुचवला?"

"आत्याने."

घरी येऊन आत्याला हे सांगितलं, तर म्हणाली, "मग ते सर्टिफिकेट मलाच दे की!"

खरंच दिलं असतं. पण सोमवारी ते नोकरीवर दाखवायचं होतं.